दुसऱ्या दिवसाचे रक्त
(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



आरोग्याविषयी दोन शब्द बोलावेत असा चिटणीसबाईंचा निरोप आला, तेव्हा विषय शोधावा लागला नाही. माझी नोकरीची सारी वर्षे रुग्णालयाच्या रक्ततपासणी विभागात गेली. तेथे एक प्रश्न मी रोज ऐकत असे : "काल तर रक्त घेतलेत, आज पुन्हा कशाला?" एका आजारात या प्रश्नाचे उत्तर ठाऊक असणे फार जरुरीचे आहे. तो आजार म्हणजे स्वादुपिंडाचा तीव्र दाह. डॉक्टर त्याला पॅन्क्रियाटायटिस म्हणतात.

स्वादुपिंड ही जठराच्या मागे आडवी पडलेली ग्रंथी. अन्न पचविणारे रस ती तयार करते. एरवी हे रस आतड्यात पोहोचल्यावरच कामाला लागतात. पण पित्ताशयातील खडा उतरून नळीच्या तोंडाशी अडकला, मद्याचा अतिरेक झाला, किंवा रक्तातील ट्रायग्लिसराइड नावाची चरबी हजाराच्या वर गेली, तर ते ग्रंथीतच जागे होतात आणि तिलाच पचवू लागतात. वरच्या पोटात असह्य कळ येते, ती पाठीत जाते, उलट्या थांबत नाहीत. हे दारुड्यांचेच दुखणे, असा समज आहे. तो खरा नाही. पित्ताचे खडे पुरुषांपेक्षा आपल्या स्त्रियांतच अधिक आढळतात.

रुग्ण दाखल झाला की अमायलेज व लायपेज तपासतात. १९२९ साली रॉबर्ट एल्मन या अमेरिकन शल्यवैद्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी रक्तातील अमायलेजचा निदानासाठी उपयोग दाखवून दिला. आकडा नेहमीच्या मर्यादेच्या तिपटीहून अधिक आला आणि दुखणेही तसेच असले, तर निदान पक्के होते. पण येथेच घरच्या माणसांची गफलत होते. हा आकडा आजार आहे एवढेच सांगतो, तो किती भारी आहे हे सांगत नाही. दारावरची घंटा वाजली म्हणजे कोणी आले एवढे कळते; पाहुणा की चोर, ते घंटेवरून कळत नाही. दोन हजार अमायलेजचा रुग्ण पाच दिवसांत घरी जातो आणि पाचशेचा अत्यवस्थ होतो, असे घडते. शिवाय अमायलेज काही दिवसांत आपोआप उतरते. त्यावरून आजार उतरला असे ठरत नाही.

मग भारीपण कशावरून ओळखावे? १९७४ साली न्यूयॉर्कचे शल्यवैद्य जॉन रॅन्सन यांनी ११ खुणा सांगितल्या. त्यांतील ५ दाखल होताना पाहावयाच्या : वय, पांढऱ्या पेशी, साखर वगैरे. उरलेल्या ६ पहिल्या ४८ तासांत : युरिया वाढला का, कॅल्शियम उतरले का, प्राणवायू कमी पडला का, अशा. म्हणजे निम्म्याहून अधिक उत्तर दुसऱ्या दिवसानंतरच मिळते. पुढे सी-रिॲक्टिव्ह प्रोटीनचा उपयोग होऊ लागला. हे द्रव्य यकृतात तयार होते व दाहाबरोबर वाढते, पण सावकाश. पहिल्या दिवशी ते कमीच दिसू शकते. ४८ तासांनी लिटरमागे १५० मिलिग्रॅमच्या वर गेले, तर सावध व्हावयाचे. २००८ साली पाच खुणांची एक सोपी मोजणीही आली. तिच्यात युरिया नायट्रोजन २५ च्या वर असणे ही एक खूण आहे.

युरियाचे महत्त्व सांगते. या आजारात रक्तातील पाणी झिरपून बाहेर जाते. रक्त दाट होते, मूत्रपिंडाला पुरेसे मिळत नाही, आणि युरिया चढतो. सलाइन दिल्यावर तो उतरू लागला तर ठीक. चढतच राहिला तर लक्षण बरे नव्हे. सलाइन भरमसाट देऊनही भागत नाही. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात अति सलाइनने फायदा न होता अंगात पाणी साचते असे दिसले. किती द्यावे, हे ठरविण्यास पुन्हापुन्हा घेतलेले रक्तच उपयोगी पडते.

एका बाईंची गोष्ट आठवते. खड्यामुळेच आजार झालेला. दुसऱ्या दिवशी अमायलेज निम्म्यावर आले, तेव्हा दीर म्हणाले, "वहिनींना घरी नेतो, उगाच टोचाटोची नको." वॉर्डच्या सिस्टरांनी त्यांना थोपवून धरले. त्या दुपारच्या रक्तात युरिया दीडपट झालेला होता. सायंकाळपर्यंत श्वास लागला. पण तोवर बाई अतिदक्षता विभागात पोहोचल्या होत्या. तीन आठवड्यांनी त्या चालत घरी गेल्या.

घाबरू मात्र नये. पाचांपैकी सुमारे चार रुग्ण सौम्य आजारातून थोड्याच दिवसांत बरे होतात. ज्यांची मूत्रपिंडे, फुफ्फुसे किंवा रक्ताभिसरण ४८ तासांहून अधिक काळ बिघडलेले राहते, त्यांच्याच जिवाला मोठा धोका. आणि हे आकडे म्हणजे पत्रिका नव्हे. वाईट आकड्यांचे रुग्णही बरे होतात. आकडे फक्त कोणावर अधिक नजर ठेवावी ते सांगतात.

तेव्हा एवढे करा. वरच्या पोटाची कळ थांबत नसेल तर ओवा-सोडा घेऊन, स्वयंपाक उरकून मग पाहू, असे म्हणू नका. रुग्णालयात गेल्यावर तपासणीचे कागद तारखेवार लावून ठेवा. डॉक्टरांना 'अमायलेज किती?' एवढेच विचारून थांबू नका. 'युरिया कालच्यापेक्षा चढला की उतरला? लघवी पुरेशी होते का?' हेही विचारा. खड्यामुळे आजार झाला असेल, तर बरे वाटले म्हणून पित्ताशयाची शस्त्रक्रिया टाळू नका, दुखणे उलटते. आणि दुसऱ्या दिवशी रक्त घ्यावयास कोणी आले, तर हात पुढे करा.