उन्हातील खेळ आणि अंगातील उष्णता

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



अशा मेळाव्यात शिक्षकाने उभे राहिले की तो परीक्षा, शिष्यवृत्ती आणि नोकरी याविषयी बोलणार, हे आपण गृहीत धरलेले असते. आज मी घामाविषयी बोलणार आहे. विषय क्षुल्लक वाटेल. पण आपल्यापैकी कित्येकांची मुले आज पोलीस भरतीची आणि सैन्यभरतीची तयारी करीत आहेत. त्यांच्यासाठी हा विषय नोकरीचा आहे आणि प्रसंगी जिवाचाही आहे.

जून २०१४ मध्ये मुंबईत पोलीस भरती चालू असताना ५ किलोमीटर धावण्याच्या चाचणीत काही उमेदवार कोसळले आणि त्यांतले काही दगावले. घरून नोकरीसाठी निघालेली धडधाकट मुले होती ती. त्यानंतर धावण्याचे अंतर कमी करण्यात आले. आज शिपाई पदासाठी मुलांना १६०० मीटर व मुलींना ८०० मीटर धावावे लागते. अंतर कमी झाले, पण ऊन कमी झालेले नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर एका सार्वजनिक समारंभात उन्हात बसलेल्या लोकांपैकी १४ जणांचा उष्माघाताने बळी गेला. ते तर नुसते बसले होते. जो धावतो त्याच्या अंगावर बाहेरचे ऊन असतेच, शिवाय अंगात स्वतःची भट्टीही पेटलेली असते.

ही भट्टी कोणती, ते समजून घेऊ. अन्नापासून स्नायूंना जी शक्ती मिळते, तिचा जेमतेम पाव हिस्सा धावण्याच्या कामी येतो. उरलेल्या पाऊण हिश्श्याची उष्णता होते. ही उष्णता बाहेर टाकली नाही तर ३७ अंशांवर असणारे शरीर तापत जाते. ४० अंशांच्या पुढे मेंदूचे काम बिघडू लागते. माणूस असंबद्ध बोलतो, झोकांड्या खातो, बेशुद्ध पडतो. यालाच उष्माघात म्हणतात.

उष्णता बाहेर टाकण्याचे आपले मुख्य साधन म्हणजे घाम. एक लिटर घाम अंगावर वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. परंतु येथे एक मेख आहे. घाम वाळला तरच थंडावा मिळतो; टपटप गळून गेलेला घाम फुकट जातो. म्हणूनच कोरड्या उन्हापेक्षा जून महिन्यातली दमट, कोंदट हवा पुष्कळदा अधिक घातक ठरते. पारा ३२ वर आहे, म्हणजे भीती नाही, असे समजू नये.

याचे उत्तम उदाहरण २०१९ च्या जागतिक मैदानी स्पर्धेचे आहे. ही स्पर्धा कतारमधील दोहा येथे झाली. स्त्रियांची मॅरेथॉन उन्हापासून बचाव व्हावा म्हणून मध्यरात्री ठेवली होती. ऊन नव्हते, पण उष्मा होता आणि हवेत दमटपणाही भरपूर होता. ६८ जणी धावल्या, त्यांपैकी २८ जणींना शर्यत अर्धवट सोडावी लागली. त्याच स्पर्धेत, थंड हवा सोडलेल्या स्टेडियममध्ये, आपल्या बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्याच्या अविनाश साबळे यांनी ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये राष्ट्रीय विक्रम दोनदा सुधारला. शहर एकच, आठवडाही जवळजवळ एकच. गुण खेळाडूचा खराच. पण त्या गुणाला वाव मिळायचा तर अंग थंड राहावे लागते, हे विसरता येत नाही.

आता आपल्या भागाकडे येतो. आज राजगड तालुका म्हणून ओळखला जाणारा आपला वेल्हे आणि शेजारचा भोर हा सारा डोंगराचा मुलूख. गुंजवण्याहून चोरदरवाजाच्या वाटेने राजगड चढणे हा दमश्वासाचा उत्तम व्यायाम आहे. खालच्या टप्प्यात झाडी आहे, तेथे ऊन जाणवत नाही. वरचा कातळ मात्र दुपारी तव्यासारखा तापतो, आणि नेमके तेथेच चढण खडी होते. गुंजवण्याहून पहाटे निघालेला मुलगा आणि सकाळी दहाला निघालेला मुलगा एकच वाट चढतात, पण त्यांच्या शरीरावर पडणारा भार एक नसतो. म्हणून पहिला उपाय वेळेचा. फजरनंतरची वेळ सरावाला सर्वांत चांगली.

दुसरा उपाय सवयीचा. परंतु भरतीची वेळ आपल्या हाती नसते. २०२४ च्या भरतीची मैदानी चाचणी जूनमध्ये सुरू झाली. तेव्हा उन्हाची सवय शरीराला हळूहळू लावावी लागते. पहिल्या दिवशी वीस-पंचवीस मिनिटे, तीही सावकाश. मग रोज थोडी थोडी वाढ. एक ते दोन आठवड्यांत शरीर शिकते. घाम लवकर सुटू लागतो, त्यातले मीठ कमी होते, रक्तातला पाण्याचा अंश वाढतो आणि हृदयावरचा ताण उतरतो. सराव तीन आठवडे सुटला की ही कमाई बरीचशी ओसरते. आजारातून उठलेल्या मुलाने पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी.

तिसरा उपाय म्हणजे धावण्यापूर्वीच अंग थंड करणे. २००४ मध्ये अथेन्सच्या ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची मॅरेथॉन कडक उकाड्यात झाली. अमेरिकेच्या डीना कॅस्टर शर्यतीपूर्वी बर्फाचे जाकीट घालून होत्या. त्यांनी सुरुवात सावकाश केली, मागून एकेकीला गाठले आणि कांस्यपदक मिळविले. आपल्याजवळ तसे जाकीट नाही, नसो. माठातले गार पाणी आहे, सुती पंचा आहे, बादली आहे. आपली पाळी येईपर्यंत सावलीत बसावे, ओला पंचा मानेवर ठेवावा, कोपरापर्यंत हात गार पाण्यात दहा-पंधरा मिनिटे बुडवावेत, थोडे गार पाणी प्यावे. उन्हात उभे राहून तासभर उड्या मारणारा उमेदवार शिट्टी होण्यापूर्वीच निम्मा दमलेला असतो.

पाण्याविषयी दोन शब्द. तहान लागेल तसे पाणी प्यावे. पाण्याची चोरी करू नये आणि हट्टाने घागरभर पिऊही नये. अति पाण्याने रक्तातले मीठ विरळ होते व तेही धोक्याचे असते. दीर्घ सरावानंतर मीठ-साखर घातलेले लिंबाचे सरबत पुरते. महागड्या बाटल्यांची गरज नाही. डोक्यावर पाणी ओतल्याने बरे वाटते, पण अंगातली उष्णता तेवढ्याने उतरतेच असे नाही. बरे वाटले म्हणून वेग वाढवू नये. कपडे सैल, सुती, फिकट रंगाचे असावेत. मुलींना डोक्यावर ओढणी घेऊन धावायचे असेल तर ती पातळ आणि एकेरी असावी.

रमजानमध्ये रोजा ठेवणाऱ्या खेळाडूंनी भर दुपारी धावण्याचा हट्ट धरू नये. इफ्तारच्या आधी थोडा वेळ हलका व्यायाम करावा आणि जोराचा सराव इफ्तारनंतर. इफ्तारपासून सहेरीपर्यंत पाणी थोडे थोडे घेत राहावे. जीवावर बेतले असता रोजा सोडण्याची सवलत शरीयतने दिलेलीच आहे, हे पालकांनी मुलांना सांगून ठेवावे.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. धावता धावता मुलगा बरळू लागला, अडखळला किंवा कोसळला, तर त्याला कांदा हुंगवीत बसू नये आणि नुसते गाडीत घालून दवाखान्याकडेही पळू नये. आधी थंड करा, मग हलवा. १०८ ला फोन करा, आणि गाडी येईपर्यंत त्याला सावलीत घेऊन मोठ्या टपात किंवा गुरांच्या डोणीत गार पाण्यात गळ्यापर्यंत ठेवा. एकाने डोके धरून पाण्याबाहेर ठेवावे. तेही नसेल तर अंगावर सारखे पाणी ओता, वारा घाला, मान, काखा व जांघा येथे बर्फ किंवा ओली फडकी ठेवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. अमेरिकेतील फालमथ येथे दर ऑगस्टमध्ये शर्यत होते. तेथे १८ वर्षांत उष्माघाताच्या २७४ रुग्णांना जागीच बर्फाच्या पाण्यात ठेवण्यात आले आणि सर्व वाचले. पहिला अर्धा तास सोन्याचा असतो. गुंजवण्यासारख्या गावी गाडी यायलाच तेवढा वेळ लागतो. म्हणून जेथे मुले धावतात तेथे पाण्याचे पिंप भरलेले असलेच पाहिजे.

पालकांना माझी एवढीच विनंती, की सावलीत बसणाऱ्या मुलाला नाजूक म्हणू नका. आणि विद्यार्थी मित्रांनो, चक्कर आली, अंगावर काटा आला, डोके ठणकू लागले तर थांबा. भरती पुन्हा निघते. थांबणे ही हार नव्हे; तेही सरावाचेच अंग आहे, आणि ते शिकविणे आम्हा शिक्षकांचे काम आहे.