यंत्रे कोण मागवतो, आणि कशासाठी?



 गुंतवणूक सल्लागारांच्या या परिषदेत अध्यक्षाने व्यवसायाच्या एकूण प्रकृतीचा आढावा घ्यावा, अशी आपल्याकडे रीत आहे. ती बाजूला ठेवून मी आज एकाच उद्योगाविषयी बोलणार आहे: चिप बनवण्याची यंत्रे बनवणाऱ्या कंपन्या. नेदरलँड्सची एएसएमएल, अमेरिकेच्या अप्लाइड मटेरियल्स, लॅम रिसर्च आणि केएलए, जपानची टोकियो इलेक्ट्रॉन ही त्यांतली पहिली पाच नावे. यांपैकी टोकियो इलेक्ट्रॉन वगळता बाकीच्या चारही नॅसडॅक-१०० निर्देशांकात आहेत. त्यामुळे त्या निर्देशांकाच्या फंडात दरमहा एसआयपी भरणारा पुण्याचा किंवा नाशिकचा गुंतवणूकदार नकळत त्यांचा भागधारक झालेला आहे. विषय दूरचा वाटला, तरी तो आपल्या ग्राहकाच्या खात्यात पोचलेला आहे.

या कंपन्यांच्या बाजूने एक युक्तिवाद नेहमी केला जातो आणि तो ऐकायला बिनतोड वाटतो. चिपच्या बाजारात उद्या कोण जिंकेल हे सांगता येत नाही, पण जो जिंकेल त्याला यंत्रे याच चार-पाच दुकानांतून घ्यावी लागतील. म्हणून चिपच्या कंपनीवर पैज लावण्यापेक्षा यंत्राच्या कंपनीत पैसे गुंतवणे सुरक्षित. यातले पहिले वाक्य खरे आहे, निष्कर्ष मात्र त्यातून निघत नाही. यंत्राची मागणी चिप किती खपतात यावर ठरत नाही, चिपचा खप किती वाढणार आहे या अपेक्षेवर ठरते. साखर कारखान्यांना यंत्रे पुरवणाऱ्याचा धंदा लोक चहात किती साखर घालतात यावर चालत नाही. त्या वर्षी किती नवे कारखाने उभे राहतात आणि किती जुने गाळपक्षमता वाढवतात, यावर चालतो. खप स्थिर राहिला, घटला नाही, तरी नव्या यंत्रांची मागणी कोसळू शकते. अर्थशास्त्रात याला त्वरक तत्त्व म्हणतात आणि जॉन मॉरिस क्लार्क यांनी १९१७ मध्येच ते नीट मांडले होते. शंभर वर्षांपूर्वीचे हे तत्त्व चिपच्या यंत्रांना जितके चपखल लागू पडते, तितके क्वचितच दुसऱ्या उद्योगाला पडत असेल.

पुरावा हवा असेल तर २००९ साल पाहा. त्या वर्षी जगातील चिपची विक्री सुमारे २४९ अब्ज डॉलरवरून २२६ अब्जांवर आली. घट ९ टक्क्यांची. यंत्रांची विक्री साडेएकोणतीस अब्जांवरून सोळा अब्जांच्याही खाली गेली. घट ४६ टक्क्यांची. पुढच्या वर्षी चिपची विक्री ३२ टक्क्यांनी वाढली आणि यंत्रांची अडीचपट झाली. आता याच्या शेजारी २०२३ साल ठेवा. मेमरी चिपचे भाव गडगडले होते आणि जगातील एकूण चिप-विक्री ५७४ अब्जांवरून ५२७ अब्जांवर, म्हणजे ८ टक्क्यांहून थोडी अधिक घसरली होती. चौदा वर्षांपूर्वीच्या मापाने यंत्रांची विक्री निम्म्यावर यायला हवी होती. प्रत्यक्षात ती १०७.६ अब्जांवरून १०६.३ अब्जांवर आली. जेमतेम सव्वा टक्का घट! आणि २०२४ मध्ये तर ती ११७ अब्जांवर गेली, तोवरचा उच्चांक. या आकड्यांवरून बाजाराने एक अर्थ काढला: हा उद्योग आता चढउतारांतून मोकळा झाला, प्रौढ झाला, तेव्हा त्याच्या नफ्याला पूर्वीपेक्षा अधिक भाव देणे रास्त आहे.

माझा आजचा मुद्दा या निष्कर्षाविरुद्ध आहे. वरच्या एकूण आकड्यातून चीनचा आकडा वजा करून पाहा, चित्र पालटते. चीनमधील यंत्रविक्री २०२२ मध्ये सुमारे २८ अब्ज डॉलर होती, २०२३ मध्ये ती ३६.६ अब्ज झाली आणि २०२४ मध्ये साडेएकोणपन्नास अब्ज, म्हणजे जगाच्या ४२ टक्के. उरलेल्या जगाची खरेदी मात्र सुमारे ७९ अब्जांवरून ७० अब्जांच्या आत आली आणि त्याच्या पुढच्या वर्षी आणखी खाली, साडेसदुसष्ट अब्जांच्या आसपास. म्हणजे तैवान, कोरिया, अमेरिका, जपान आणि युरोप यांच्यापुरते पाहिले, तर मंदी आली होती आणि सलग दोन वर्षे टिकली होती. ती दिसली नाही, कारण त्याच दोन वर्षांत एका ग्राहकाने असाधारण वेगाने खरेदी केली. ही खरेदी कशासाठी होती? अमेरिकेने ऑक्टोबर २०२२ मध्ये प्रगत चिपच्या यंत्रांवर निर्यातबंधने लादली. २०२३ च्या जुलैत जपानने आणि सप्टेंबरात नेदरलँड्सने आपापली बंधने लागू केली. दार बंद होणार हे ज्याला कळते, तो ते बंद होण्याआधी जमेल तेवढे घरात आणतो. जी बंधने या कंपन्यांच्या विक्रीला मारक ठरतील असे वाटले होते, त्यांनीच काही काळ ती फुगवली.

इथे एका गोष्टीची नोंद प्रामाणिकपणे घ्यायला हवी. चीनची सगळी खरेदी साठेबाजीची नव्हती. एएसएमएलकडे २०२२ च्या अखेरीस सुमारे ४० अब्ज युरोंच्या ऑर्डर पडून होत्या. टंचाईच्या काळात चिनी ग्राहकांना मागणीच्या निम्मीही यंत्रे मिळाली नव्हती. इतरांनी आपल्या तारखा पुढे ढकलल्यावर ती यंत्रे त्यांच्याकडे गेली. शिवाय चीन जुन्या पिढीच्या, म्हणजे मोटारी, घरगुती उपकरणे आणि वीजपुरवठ्यात लागणाऱ्या चिपचे कारखाने खरोखरच उभारत आहे. हे सगळे मान्य करूनही गुंतवणूकदाराचा प्रश्न उरतोच: या मागणीला किती वर्षांचे आयुष्य धरायचे? एएसएमएलच्या यंत्रविक्रीत चीनचा वाटा २०२४ च्या पहिल्या दोन तिमाहींत ४९ टक्के होता. पुढच्या वर्षी तो २० टक्क्यांच्या आसपास येईल, असे कंपनीने त्याच वर्षी ऑक्टोबरात सांगितले. आणि २०२५ च्या मध्यावर तिलाच तो अंदाज २५ टक्क्यांच्या वर न्यावा लागला. काही जण हे उदाहरण माझ्याविरुद्ध वापरतील: बघा, मागणी संपली नाही! पण मागणी संपेल असे माझे म्हणणेच नाही. जिथे खुद्द विक्रेत्याला आपल्या सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकाचा वर्षभराचा अंदाज बांधता येत नाही, ती मागणी वॉशिंग्टन, हेग आणि बीजिंग येथील फायलींवर हलते. तिला कायमच्या मागणीचा भाव देता येणार नाही, एवढेच मी म्हणतो. आणि हा ग्राहक नुसता ग्राहक राहिलेला नाही. नॉरा आणि एएमईसी या चिनी कंपन्या एचिंग (थर कोरणे) आणि डिपॉझिशन (थर चढवणे) यांच्या यंत्रांत आपल्याच कारखान्यांच्या ऑर्डर घेऊ लागल्या आहेत. प्रत्येक नवे बंधन त्यांच्या वाढीला सरकारी खतपाणी घालते.

मग कायमची मागणी कोणती? माझ्या मते गुंतागुंतीची. चिपमधला ट्रान्झिस्टर जसजसा लहान आणि उभा-आडवा गुंफलेला होत जातो, तसतशी त्याच एका वेफरवर, म्हणजे चिप जिच्यावर घडतात त्या सिलिकॉनच्या चकतीवर, अधिक प्रक्रिया कराव्या लागतात आणि प्रत्येक प्रक्रियेला यंत्र लागते. साडेतेरा नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश वापरणारे ईयूव्ही यंत्र जगात फक्त एएसएमएल बनवते. त्याच्या पुढच्या, हाय-एनए पिढीचे पहिले यंत्र डिसेंबर २०२३ मध्ये इंटेलकडे रवाना झाले. अशा एका यंत्राची किंमत साडेतीनशे दशलक्ष युरोंच्या घरात आहे. दोनशेहून अधिक थरांच्या फ्लॅश मेमरीत खोल, सरळ छिद्रे कोरणे हे लॅमचे बलस्थान. एआयसाठी लागणाऱ्या एचबीएम मेमरीत चिपवर चिप रचतात. त्यासाठी वेफर घासून पातळ करावे लागतात, आरपार जोडण्या कराव्या लागतात, पुन्हा पुन्हा तपासावे लागते. तिथे जपानच्या डिस्को आणि अॅडव्हान्टेस्टसारख्या आपल्याकडे फारशा चर्चेत नसलेल्या कंपन्यांचे काम सुरू होते. कारखान्यांची संख्या एकानेही न वाढता ही मागणी वाढू शकते, हे तिचे वैशिष्ट्य. तिच्या जोडीला दुरुस्ती, सुटे भाग आणि यंत्र-सुधारणा यांचे उत्पन्न येते. एएसएमएलला २०२४ मध्ये एकूण २८.३ अब्ज युरोंपैकी साडेसहा अब्ज या खात्यातून मिळाले. कारखाना मंदीत नवे यंत्र घेणे थांबवतो, पण चालू यंत्र बिघडलेले ठेवत नाही.

आता आक्षेपांकडे येतो. पहिला अर्थातच एआयचा. एआयची मागणी एवढी प्रचंड आहे की जुनी चक्रे तिच्यापुढे टिकणार नाहीत, असे म्हणतात. या आक्षेपाला तैवानच्या टीएसएमसीचे ताळेबंद उत्तर देतात. तिची एआय चिपची विक्री २०२४ मध्ये तिपटीहून अधिक झाली. भांडवली खर्च मात्र २०२२ मध्ये ३६ अब्ज डॉलर होता, २०२३ मध्ये ३० अब्जांवर आला आणि एआयच्या त्या ऐन बहराच्या वर्षातही त्याहून किंचित खालीच राहिला. ४० अब्जांच्या घरात तो गेला २०२५ मध्ये. म्हणजे चिपची तेजी यंत्रांपर्यंत पोचते, पण ग्राहकाने आधी हाताशी असलेली क्षमता पिळून घेतल्यावर आणि पुढची खात्री पटल्यावर. शिवाय एआय चिप महाग असली तरी तिला लागणारे वेफर मोबाइल आणि संगणकांच्या मानाने थोडे असतात. यंत्रे वेफरच्या संख्येवर लागतात, चिपच्या किमतीवर नव्हे. एआयवर माझा अविश्वास नाही. एनव्हिडियाच्या विक्रीचा आलेख जसाच्या तसा यंत्रांच्या विक्रीवर चिकटवण्यावर आहे.

दुसरा आक्षेप मक्तेदारीचा: जिला प्रतिस्पर्धीच नाही तिला कसली भीती? १५ ऑक्टोबर २०२४ रोजी एएसएमएलचे तिमाही निकाल तांत्रिक चुकीने एक दिवस आधी प्रसिद्ध झाले. विक्री अपेक्षेपेक्षा चांगली होती, पण नव्या ऑर्डर २.६ अब्ज युरोंच्या, म्हणजे अंदाजाच्या निम्म्या. शेअर एका दिवसात सुमारे १६ टक्के पडला. पुढच्याच तिमाहीत ऑर्डर सात अब्जांवर गेल्या. मक्तेदारीमुळे भाव टिकतो, वेळापत्रक हातात येत नाही. मोजकेच ग्राहक असलेल्या धंद्यात एकाने कारखाना सहा महिने पुढे ढकलला की तिमाही कोरडी जाते. २०२६ पासून तिमाही ऑर्डरचे आकडे देणार नाही, असे कंपनीने नंतर जाहीर केले. गोंगाट कमी होईल हे खरे, पण धोक्याची पहिली खूणही त्याच आकड्यात दिसत असे.

सरकारी अनुदानांबद्दल थोडक्यात. अमेरिकेच्या २०२२ च्या चिप्स कायद्यात कारखान्यांसाठी ३९ अब्ज डॉलर ठेवले गेले. प्रत्येक देशाला स्वतःचा कारखाना हवा असेल तर तेवढ्याच चिपसाठी अधिक यंत्रे लागतील, हा हिशेब बरोबर आहे. पण घोषणा म्हणजे ऑर्डर नव्हे. जर्मनीत माग्डेबुर्ग येथे इंटेलचा सुमारे तीस अब्ज युरोंचा कारखाना व्हायचा होता. सरकार दहा अब्ज द्यायला तयार असूनही २०२४ मध्ये तो लांबणीवर पडला आणि २०२५ मध्ये रद्द झाला. आपल्या धोलेऱ्याचा ९१ हजार कोटींचा टाटा-पीएसएमसी प्रकल्प देशासाठी मोलाचा आहे, यात शंका नाही. पण तो जुन्या पिढीच्या चिपचा आहे आणि जागतिक यंत्रविक्रीच्या मापात त्याने या कंपन्यांचे ताळेबंद हलणार नाहीत. आणि ज्यांच्या नावात केवळ 'सेमिकंडक्टर' हा शब्द आहे अशा देशी शेअरच्या उड्यांशी तर आजच्या विषयाचा काडीमात्र संबंध नाही.

शेवटी आपल्या रोजच्या कामाविषयी. या शेअरची किंमत नफ्याच्या पटीत स्वस्त दिसते तेव्हा नफा बहुधा शिखरावर असतो, आणि महाग दिसते तेव्हा तळाला. म्हणून एका वर्षाच्या नफ्यावरून भाव ठरवणे इथे घातक आहे. निदान एका पूर्ण चक्राची सरासरी घ्या. दुसरे, म्युच्युअल फंडांच्या परदेशी गुंतवणुकीवर सात अब्ज डॉलरची एकत्रित मर्यादा असल्यामुळे आपल्याकडील नॅसडॅकवरचे ईटीएफ अनेकदा मूळ मालमत्तेपेक्षा चढ्या भावाने विकले जातात. तो अधिभार भरून चक्राच्या माथ्यावर खरेदी करणारा ग्राहक दोनदा महाग खरेदी करतो, आणि हे त्याला आपण सांगितले नाही तर कोणी सांगणार नाही. माझी या परिषदेच्या सभासदांना विनंती आहे की, यापुढे या क्षेत्राविषयी जे टिपण आपण ग्राहकाच्या हाती द्याल, त्यात एकूण विक्रीच्या एका आकड्याऐवजी चार ओळी असाव्यात: चीनची मागणी, उरलेल्या जगाची क्षमतावाढ, नव्या तंत्रज्ञानाची मागणी आणि सेवेचे उत्पन्न. कंपन्यांच्या तिमाही अहवालांतून यांपैकी बहुतेक आकडे मिळतात. ते काढायला एक दुपार पुरते. ती दुपार आपण द्यावी.