एका चाकावरून पडताना

सर्कशीत एका चाकाच्या सायकलीवरून हात पसरून फिरणारा मुलगा आपण सर्वांनीच पाहिला आहे. तो पडत नाही म्हणून आपण टाळ्या वाजवतो. किती वेळा पडून तो इथवर आला, हे तंबूत दिसत नाही. पुण्याचे दामू धोत्रे पुढे अमेरिकेच्या रिंगलिंग ब्रदर्स सर्कशीत वाघ-सिंहांचे शिक्षक म्हणून नावाजले, पण लहानपणी मामांच्या शेलार सर्कशीत त्यांनी सुरुवात केली ती कसरतींनी आणि सायकलीच्या खेळांनी. झुल्याखाली निदान जाळी असते. सायकलवाल्याच्या खाली नुसती जमीन!

आपल्या भंडारा जिल्ह्यात पूर्वी गावच्या चौकात सात-सात दिवस सायकलवरून न उतरणारा खेळवाला यायचा. तो गेला की आठवडाभर गावातली पोरं पुढचं चाक उचलून पाहायची आणि गुडघे फोडून घ्यायची. मी शाळेत खेळ शिकवत होतो. एका वर्षी स्नेहसंमेलनासाठी वेल्डिंगवाल्याकडून भंगारातल्या सायकलीची एकचाकी बनवून घेतली. मोठी हौस होती. पडल्यावर काय, याचा विचार मात्र मी केला नव्हता.

या वाहनाला ब्रेक नसतो. पायडल थेट चाकाच्या आसाला जोडलेलं असतं. पाय थांबला की चाक थांबतं, पण अंग पुढे जातच राहतं. पुढे पडणारा सीट सोडून देईल तर बहुधा पायांवर उतरतो. सीट वाचवायला गेला की फसतो. मागे पडणं अधिक वाईट. माकडहाड आपटतं, आणि आधाराला हात मागे जातो. हात टेकायचा नाही असं कितीही बजावा, तो आपसूकच जातो. मग अंगाचा सगळा भार मनगटावर.

मनगटाजवळच्या या मोडीचं वर्णन आयर्लंडचे शल्यचिकित्सक अब्राहम कॉलिस यांनी १८१४ साली केलं होतं. क्ष-किरणांचा शोध १८९५ चा. म्हणजे नुसत्या डोळ्यांनी आणि बोटांनी चाचपून त्यांनी ते ओळखलं. लहान मुलांचं हाड पुष्कळदा पूर्ण तुटत नाही, ओल्या काडीसारखं एका बाजूने चिरून वाकतं. त्यामुळे 'मुरगळलं असेल' म्हणून घरचे तेल चोळत बसतात.

आमच्या एका मुलाचं तसंच झालं. घरच्यांनी त्याला हाडं बसवणाऱ्याकडे नेलं. त्याने बांबूच्या कामट्या घट्ट बांधल्या. दुसऱ्या दिवशी बोटं सुजून गार पडली. मी घरी गेलो तेव्हा पोरगं रडूनही थकलं होतं. त्याची आई एवढंच म्हणाली, "गुर्जी, पोराचा हात गेला त रोवनीले कोन येनार?" आम्ही पट्ट्या सैल करून त्याला तसंच दवाखान्यात नेलं. हात वाचला, किंचित वाकडा राहिला. बांधलेल्या हाताची बोटं निळसर किंवा गार पडली, बधिर झाली, बोट सरळ करताना असह्य कळ आली, तर सकाळची वाट पाहू नका. पट्टी सैल करा आणि निघा. दवाखान्यात जाईपर्यंत आधाराला वर्तमानपत्राची जाड घडी आणि गळ्यात अडकवलेला दुपट्टा पुरतो.

त्यानंतर मी आधी मनगटाची कवचं आणली. त्यांत तळहाताच्या बाजूने कडक प्लास्टिकची पट्टी असते. तिच्यामुळे हात जमिनीवर रुतत नाही, घसरतो, आणि धक्का वाटला जातो. गुडघ्यांसाठी जुन्या वाकळीचे जाड तुकडे शिवून पट्ट्यांनी बांधले, तेवढ्यावर काम भागलं. डोक्याच्या बाबतीत मात्र घरगुती उपाय चालत नाही. मोटरसायकलवाल्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ ने हेल्मेट सक्तीचं आहे, पायडलच्या सायकलीला तशी सक्ती नाही. म्हणून वडिलांचं जड हेल्मेट मुलाच्या डोक्यावर घालू नका, ते डोळ्यांवर उतरतं. सायकलचं हलकं हेल्मेट घ्या. ते भुवयांच्या वर दोन बोटं बसावं आणि हनुवटीखालचा पट्टा लावलेला असावा. आतला थर्माकोलसारखा थर स्वतः चेपून मार झेलतो आणि पुन्हा फुगत नाही. जोरात आपटलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी टाकून द्यावं. पैसे गेले असं वाटतं खरं, मलाही वाटलं होतं.

जागेचीही एक गंमत सांगतो. मऊ जागा बरी म्हणून मी मुलांना वैनगंगेच्या वाळूत नेलं. चाक रुतलं, फिरेचना, आणि पोरं नेहमीपेक्षा जास्त पडली. शेवटी धानाचं खळं उपयोगी पडलं. सपाट, चोपलेलं, सारवलेलं आणि दगड वेचलेलं. तलावाच्या पाळीवर मात्र मी कुणाला जाऊ दिलं नाही. कवचं घातली की पोरांना भलतंच बळ येतं आणि ती उतार शोधत फिरतात.

वाकड्या हाताचा तो मुलगा पुढच्या वर्षी पुन्हा आला. आईनेच पाठवलं होतं. तो नव्या मुलांना लगेच चालवू देत नसे. आधी वीस वेळा नुसतं चढायचं, सीट सोडायची आणि पायांवर उतरायचं. मोजायला तो स्वतः खळ्याच्या कडेला बसत असे.