आळंदीची चार भावंडे आणि घरातील पाठशाळा



सद्भक्तहो, निपाणी, चिकोडी, बेळगाव या पट्ट्यातील कोणत्याही घरात दिवेलागणीस डोकावून पाहावे. थोरला मराठी शाळेत, मधली कन्नड शाळेत, धाकट्यास आता इंग्रजी शाळेत घातलेले. दप्तरे तीन भाषांची, बसावयास सतरंजी मात्र एकच. एकाची कविता तोंडपाठ होते तोवर दुसरीचे गणित अडते आणि धाकटा दोघांच्या वह्यांवर रेघोट्या ओढतो. २०२० च्या मार्चमध्ये महामारीने शाळांची दारे बंद केली, पुढे कोगनोळीच्या नाक्यावर दोन राज्यांमधील येणेजाणेही अडले, आणि मुलांची शाळा आता सोप्यातच भरवावयाची आहे हे घरोघरच्या आई-आजींना उमगले. फोन एक आणि विद्यार्थी तीन! ऑगस्टमध्ये सरकारची ‘विद्यागम’ योजना आली, तेव्हा देवळांच्या ओवऱ्यांतून आणि झाडांखाली मुलांचे लहान लहान मेळे बसू लागले. पण ऑक्टोबरात तीही थांबली. त्या दिवसांत एकच गाऱ्हाणे सर्वत्र ऐकू येई. थोरल्यास शिकवावे तर धाकट्यास कळत नाही, धाकट्याजवळ बसावे तर थोरला उनाडतो. निरनिराळ्या वयाच्या आणि निरनिराळ्या बुद्धीच्या लेकरांना एकत्र शिकवावे तरी कसे?

महामारी ओसरली, शाळा उघडल्या, पण प्रश्न मात्र सोप्यातल्या सतरंजीवर तसाच बसून आहे. तो नवाही नाही. सातशे वर्षांपूर्वी इंद्रायणीच्या काठी एका घरास तो याहून कठीण रूपाने पडला होता.

विठ्ठलपंतांची कथा भक्तांना ठाऊक आहे. संन्यास घेतलेला पुरुष गुरूंच्या आज्ञेने पुन्हा संसारात आला आणि आळंदीच्या धर्मपंडितांनी त्या घरास वाळीत टाकले. परंपरेने मानलेल्या शकांप्रमाणे निवृत्तिनाथांचा जन्म शके ११९५ मध्ये, ज्ञानदेवांचा ११९७ मध्ये, सोपानदेवांचा ११९९ मध्ये आणि मुक्ताबाईंचा १२०१ मध्ये झाला. (दुसरी एक कालगणनाही सांगितली जाते, पण थोरल्या-धाकट्यांचा क्रम दोन्हींत तोच आहे.) थोरल्यात आणि धाकटीत सहा वर्षांचे अंतर. संन्याशाची पोरे म्हणून मुंज नाकारली गेली, आणि ज्याची मुंज नाही त्यास गुरुगृही वेदाध्ययन कोठून मिळणार? पुढे मातापितरांनी देहान्त प्रायश्चित्त घेतले. पाठशाळेने ज्यांना दार लावले, त्या चौघांची पाठशाळा त्यांच्या पर्णकुटीतच भरली, आणि तेथे पंतोजीच्या जागी होता घरातला थोरला मुलगा.

निवृत्तिनाथ गुरू झाले ते केवळ वयाने वडील म्हणून नव्हे, ही गोष्ट नीट ध्यानात घेण्यासारखी आहे. त्र्यंबकेश्वरी ब्रह्मगिरीच्या वाटेवर वाघाच्या भयाने ताटातूट झाली आणि तो बालक गहिनीनाथांच्या गुहेत शिरला, असे चरित्रकार सांगतात. तेथे त्यास नाथपंथाचा उपदेश मिळाला, आणि जे मिळाले ते त्याने धाकट्या भावंडांना दिले. प्रथम घेणे, मग देणे. घरातला थोरला मुलगा उत्तम शिक्षक होऊ शकतो याचे एक कारण असे की, तो स्वतः कोठे अडखळला होता हे त्यास अजून आठवत असते. प्रौढ पंडिताला आपले अडखळणे आठवत नाही. त्यामुळे पंडिताच्या घरची मुले पुष्कळदा कच्ची राहतात, हेही जाता जाता सांगावयास हरकत नाही.

आता शिष्य गुरूहून पुढे जातो तेव्हा काय होते ते पाहावे. शके १२१२ मध्ये नेवाशास ज्ञानदेवांनी गीतेच्या सातशे श्लोकांवर सुमारे नऊ हजार ओव्यांची टीका सांगितली. वरील गणनेप्रमाणे त्यांचे वय तेव्हा पंधरा वर्षांचे. श्रोत्यांत निवृत्तिनाथ बसलेले होते. धाकटा भाऊ उघडउघड असामान्य निघाला, आणि थोरल्याने त्याला आपल्या चालीने चालावयास लावले नाही. उलट, स्वतःच्या अनुभवाचा स्वतंत्र ग्रंथ करण्याची आज्ञा त्यानेच दिली आणि त्यातून ‘अमृतानुभव’ झाला, अशी परंपरा आहे. ज्या घरात धाकट्यास थोरल्याच्या मापाचे सदरे घालावयास लावतात, तेथे बुद्धीलाही तेच सदरे घालण्याची खोड असते. आळंदीच्या त्या घरात ती खोड नव्हती.

एकाच पाठाने चौघांना कसे शिकविता येते याचे उत्कृष्ट उदाहरण म्हणजे चांगदेवांचे कोरे पत्र. चौदाशे वर्षे जगलेले म्हणून ख्यात असलेल्या त्या योग्यास प्रश्न पडला की, या मुलांना आशीर्वाद लिहावा की नमस्कार? वयाने ती लहान, ज्ञानाने थोर. काहीच न सुचून त्यांनी कोरा कागद पाठविला. कागद एक, पण चौघांजवळ तो चार तऱ्हांनी वाचला गेला. मुक्ताबाई हसल्या, एवढी वर्षे जगून हा गृहस्थ कोराच राहिला, असे त्या लहानग्या मुलीने म्हटल्याची कथा आहे. निवृत्तिनाथांनी त्या कोरेपणात दोष न पाहता उत्तर देण्याजोगी जागा पाहिली आणि ते उत्तर कोणी लिहावे हे ओळखून ज्ञानदेवांस सांगितले. ज्ञानदेवांनी पासष्ट ओव्या लिहिल्या. सोपानदेवांनी काय केले? कथा काही सांगत नाही. बहुधा ते ऐकत बसले असावेत, आणि ऐकत बसणे हाही अभ्यासच आहे.

त्या घरात शिकविणे वरून खालीच वाहत होते असेही नाही. लोकांच्या निंदेने व्यथित होऊन ज्ञानदेवांनी कुटीची ताटी लावून घेतली, तेव्हा ती उघडविण्यासाठी समजावणी केली ती सर्वांत धाकट्या बहिणीने. ‘ताटीचे अभंग’ ते हेच. पुढे चांगदेवांनी गुरू केले तेही याच धाकटीस.

सोपानदेवांविषयी मात्र अंमळ थांबावे. थोरला गुरू, दुसरा ग्रंथकार, धाकटी तेजस्वी, आणि मधला सोपान. कीर्तनात त्यांचे नाव चौघांच्या नावांबरोबर येते आणि कीर्तनकार पुढे जातो. प्रत्येक घरात असा एक सोपान असतो. ज्याच्याविषयी पाहुण्यांस सांगण्यासारखे काही नाही, ज्याच्याविषयी तक्रारही नाही, तोच शिक्षकाच्या दृष्टीतून प्रथम निसटतो. वस्तुतः गीतेवरील ‘सोपानदेवी’ ही टीका त्यांच्या नावावर आहे. ज्ञानेश्वरीसारखा ग्रंथ घरात झालेला असतानाही त्याच गीतेवर आपल्या परीने लिहावे असे भावास वाटले, यातच त्या घराची सारी शिक्षणपद्धती येते.

संस्कृत पाठशाळेत याच गोष्टीस संथा म्हणतात. एका सोप्यात कोणी रूपावली घोकतो, कोणी अमरकोश म्हणतो, कोणी रघुवंशाचा अन्वय लावतो, आणि गुरुजी तिघांनाही एकाच बैठकीत सांभाळतात. वेदाची संथा देताना चरण गुरूने एकदा म्हणावा आणि शिष्याने दोनदा. ज्याचा चरण बसला तो पुढे जातो; ज्याचा बसला नाही त्याचा तोच चरण दुसऱ्या दिवशीही चालतो, आणि त्यात त्यास लाज नसते. पुढचा विद्यार्थी मागच्याचे पाठांतर ऐकून घेतो. ऐकता ऐकता त्याचे स्वतःचे स्वर पक्के होतात.

ही रीत परकीयांनीही उचलली. अँड्र्यू बेल नामक पाद्री १७८९ पासून मद्रासच्या एका अनाथालयाची व्यवस्था पाहत होते. वाळूत अक्षरे गिरविणारी देशी शाळेतली मुले त्यांनी पाहिली आणि मोठ्या मुलांकरवी लहानांस शिकविण्याचा प्रयोग चालविला. १७९७ मध्ये लंडनमध्ये त्यांनी त्यावर पुस्तक काढले आणि ‘मद्रास पद्धती’ म्हणून तिचा विलायतेत प्रसार झाला. तेथे मात्र तिचा उपयोग थोड्या खर्चात शेकडो मुले एका मास्तरापुढे बसविण्यासाठी होऊ लागला, आणि संथेतला जिव्हाळा गेला. कर्नाटकातील ‘नली-कली’ त्याहून मूळ रीतीच्या जवळची आहे. आंध्रातील ऋषी व्हॅलीच्या ग्रामीण शाळांचा कित्ता पुढे ठेवून १९९५ च्या सुमारास म्हैसूर जिल्ह्यातील हेग्गडदेवनकोटे तालुक्यात ती सुरू झाली आणि पुढे राज्यभर गेली. पहिली ते तिसरीची मुले एकत्र बसतात. काही शिक्षकाजवळ, काही सोबत्यांच्या मदतीने, काही आपली आपण, आणि प्रत्येक जण आपल्या शिडीची आपली पायरी चढतो.

घरी याहून निराळे काही करावयाचे नाही. आरंभी सर्वांनी मिळून एक काही म्हणावे, एक गोष्ट ऐकावी, आणि मग तीच गोष्ट धाकट्याने चित्रात काढावी, मधलीने कन्नडात सांगावी, थोरल्याने लिहून काढावी. नंतर ज्याची त्याची संथा. थोरल्याने धाकट्याचे पाढे ऐकून घ्यावेत, पण थोडाच वेळ.

‘थोडाच वेळ’ हे शब्द विसरले जातात, आणि त्यांची किंमत बहुधा घरातल्या थोरल्या मुलीस मोजावी लागते. निपाणीकडे आई तंबाखूच्या वखारीत गेलेली किंवा दारात विड्या वळीत बसलेली असते. थोरली मुलगी धाकट्याला भरविते, मधल्याची शुद्धलेखनाची वही पाहते, त्यांना निजविते, आणि तिचे स्वतःचे पुस्तक उघडावयाचे राहून जाते. घरचे कौतुकाने म्हणतात, पोरगी आईसारखी सांभाळते! पण निवृत्तिनाथांना आधी गहिनीनाथ भेटले होते. जिला कोणी काही शिकवीत नाही, तिच्याकडून शिकवून घेणे हा तिच्यावर टाकलेला भार आहे. त्यास विद्यादान म्हणता येत नाही. १८५५ मध्ये जन्मलेले बाळेकुंद्रीचे श्रीपंतमहाराज बेळगावात शिक्षक होते आणि त्यांच्या धाकट्या बंधूंनी त्यांनाच गुरू मानले; पण पंतांनीही प्रथम बालमुकुंद महाराजांचे पाय धरले होते. तेव्हा धाकट्यांच्या वह्या मिटल्यावर थोरलीजवळ कोणीतरी बसावयास हवे. आजोबा बसोत, शेजारचे गुरुजी बसोत, मठातला कोणी विद्यार्थी बसो.

शके १२१८ च्या कार्तिकात ज्ञानदेवांनी आळंदीस समाधी घेतली, मार्गशीर्षात सोपानदेवांनी कऱ्हेकाठी सासवडास. पुढल्या वर्षी वैशाखात मुक्ताबाई तापीच्या तीरी अंतर्धान पावल्या. तिघा धाकट्यांना निरोप देऊन झाल्यावर, ज्येष्ठात, निवृत्तिनाथ त्र्यंबकेश्वरी आपल्या गुरूंच्या ब्रह्मगिरीपाशी समाधिस्थ झाले.