हमीभाव शोधाल तर बातमी सापडेल
(कबनूर, जि. कोल्हापूर येथील बैठकीतील भाषणाचा मजकूर)



कोरडवाहूवाल्यांना उसाच्या मुलखात कशाला बोलावता, असे काहींनी विचारले. बाहेर कान द्या. खडखड चालू आहे ती मागांची. शेजारच्या इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला आणि हा धंदा कबनूरच्या गल्ल्यांपर्यंत आला. तुमचा कापूस सूत होऊन अशाच मागांवर चढतो. इथला मागवाला सुताचा त्या दिवशीचा भाव पाहिल्याशिवाय सौदा करत नाही. आपण गाडी भरून निघतो आणि भाव व्यापाऱ्याच्या तोंडून ऐकतो.

म्हणून आज मोबाइलवर बोलायचे आहे. हा काय आंदोलनाचा विषय झाला, असे कुणी म्हणेल. २०१७ सालची कर्जमाफी आठवा. २८ जून २०१७ ला शासन निर्णय निघाला आणि अर्ज ऑनलाइनच पाहिजे म्हणून सांगितले. नवरा-बायको दोघांनी हातातले काम टाकून केंद्रावर रांगा लावल्या. आता २०२५-२६ च्या हंगामात कापूस महामंडळाने, म्हणजे सीसीआयने, हमीभावाने कापूस घालायचा तर 'कपास किसान' या अॅपवर आधी नोंदणी करा, असा नियम केला. पीकविम्यात नुकसानीची खबर ७२ तासांत द्यायची, असा नियम होता. त्या ७२ तासांतले दहा तास पान उघडत नाही म्हणून गेले तर भरपाई कोण देणार होते?

यंत्र गावात आणले की काम झाले, असे मानणाऱ्यांनी याच जिल्ह्यातले वारणानगर पाहावे. १९९८ साली तिथे वारणेच्या ७० गावांना संगणकाने जोडण्याचा प्रकल्प सुरू झाला. केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणेची सहकारी संस्था, तिघे मिळून. गावात बसून बाजारभाव कळतील, पिकाचा सल्ला मिळेल, असा बेत होता. प्रत्यक्षात संगणकांचा मुख्य उपयोग झाला तो उसाची नोंद, वजन आणि बिल पाहायला. ऊसवाल्याची त्यात सोय झाली, ते नाकारायचे कारण नाही. पुढे काही गावांत तेच काम मोबाइलच्या साध्या संदेशावर करून पाहिले, तेही जमले. पण आपल्याला हवी ती माहिती आपल्या शब्दांत विचारली तर मिळते का, हा प्रश्न जागच्या जागी राहिला. आजही आहे.

आधी पान नीट दिसत नाही त्याबद्दल. पानावर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसली तर फोन बिघडलेला नसतो. तो मजकूर जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असतो. पूर्वी प्रत्येक कंपनीचा फॉन्ट वेगळा, प्रत्येक कचेरीचा वेगळा. ज्याच्याकडे तो फॉन्ट त्यालाच वाचता येई. आता युनिकोड आहे, सगळ्यांना एकच लिपी, पण जुन्या फायली तशाच पडून आहेत. असा मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारी साधने फुकट मिळतात. नुसते चौकोन दिसले तर मात्र दोष आपल्या फोनचा: त्यात मराठी फॉन्ट नाही. वेलांटी भलत्या अक्षराला चिकटली, जोडाक्षर फुटले, तर ब्राउझर फार जुना झालाय. तो अद्ययावत करा.

बटण दाबले आणि काहीच झाले नाही, ही तक्रार सगळ्यांत जास्त. पुष्कळदा नवी खिडकी उघडायची असते आणि ब्राउझर तिला अडवतो. पॉप-अपला परवानगी द्या. पान अर्धेच दिसते तेव्हा मेनूतल्या 'डेस्कटॉप साइट' वर खूण करा. कित्येक सरकारी पाने कचेरीतल्या संगणकापुरतीच केलेली असतात. कालचाच भाव दिसत राहिला तर ब्राउझरने साठवलेले जुने पान तो दाखवतोय. पान ताजे करा, नाहीतर साठवण पुसा. आणि 'ही साइट सुरक्षित नाही' असे आले तर घाबरण्याआधी फोनची तारीख बघा. बॅटरी पार उतरून तारीख मागे गेली तर चांगल्या साइटसुद्धा उघडत नाहीत. तारीख बरोबर असूनही तोच इशारा आला, तर आत जाऊ नका.

आता शोधण्याबद्दल, आणि खरी मेख इथे आहे. यंत्र तलाठ्याच्या दप्तरासारखे आहे. ज्या नावाने कागद लावला त्या नावाने मागितला तरच तो हमखास हाती येतो. आपण म्हणतो 'हमीभाव'. तो शब्द टाकला की पुढाऱ्यांच्या भाषणांच्या बातम्या येतात. सरकारी कागदावर 'किमान आधारभूत किंमत' लिहिलेले असते. ते टाका, पुढे पीक आणि हंगाम लिहा. २०२५-२६ साठी मध्यम धाग्याचा कापूस ७,७१० रुपये क्विंटल, लांब धाग्याचा ८,११०, संकरित ज्वारी ३,६९९, मालदांडी ३,७४९, हे आकडे मुळातून वाचायला मिळतील. विदर्भातली पऱ्हाटी, इकडचा शाळू, कुठला जोंधळा, हे शब्द बाजारभावाच्या यादीत शोधू नका. तिथे कापूस आणि ज्वारी.

कर्जाचे तर बघायलाच नको. आपली चळवळ 'कर्जमुक्ती' म्हणते, कारण माफी गुन्हेगाराला असते. वर्तमानपत्रे 'कर्जमाफी' लिहितात. २०१७ च्या योजनेचे नाव 'छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना', म्हणजे नावात कर्जच नाही! २०१९ च्या योजनेत 'कर्जमुक्ती' आली, पण महात्मा फुल्यांचे नाव कुणी जोतीराव लिहितो, कुणी जोतिराव, कुणी ज्योतिराव. तेव्हा नुसते 'फुले कर्जमुक्ती २०१९' टाका. शासन निर्णय हातात असेल तर त्याच्या शेवटी लांबलचक संकेतांक असतो. त्याचे पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस. तो आकडा राज्य शासनाच्या साइटवर टाकला की नेमका तोच कागद येतो.

गंमत म्हणजे आपले स्वतःचे नावच यंत्राला धड कळत नाही. 'शेतकऱ्यांना' हा शब्द टाइप करायच्या दोन रीती आहेत. दिसायला दोन्ही सारख्या, यंत्राच्या पोटात वेगळ्या. एका रीतीने लिहिलेल्या फाइलमध्ये दुसऱ्या रीतीने शोधले तर शब्द सापडत नाही. म्हणून फाइलमध्ये शोधताना नुसते 'शेतक' टाका, दोन्ही मिळतात. फाइल म्हणजे कागदाचा फोटो असेल तर तेही चालत नाही. मग डोळ्यांनी वाचा. सातबाऱ्यावर तलाठ्याने नाव कसे लिहिलेय त्याचा भरवसा नाही, म्हणून नावापेक्षा गट नंबराने शोधा.

शोधल्यावर वरच येते ते पुष्कळदा पैसे भरून लावलेले असते. 'प्रायोजित' लिहिलेले सोडून खाली या. पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन आहे का बघा. सीसीआयचा पत्ता मात्र ओआरजी डॉट इन वर संपतो, म्हणून तो लिहूनच ठेवा. मदत क्रमांक शोधून सापडला आणि पलीकडचा माणूस ओटीपी मागू लागला, तर फोन ठेवा.

जेवणानंतर तरुण पोरे मागच्या खोलीत दोन संगणक घेऊन बसणार आहेत. ज्यांचा उतारा निघत नाही, अर्ज अडलाय, त्यांनी गट नंबर आणि बँकेचे पासबुक घेऊन जावे. आधार पोरांच्या हातात देऊ नका, आकडे स्वतः टाका. बायकांची रांग वेगळी आहे, ती आधी घ्यायची.