प्रार्थनामंदिरातील गिटार

1964 सालच्या मे महिन्यातील एक ओली संध्याकाळ. इंग्लंडमधील मँचेस्टर शहरातल्या, वापरातून गेलेल्या एका रेल्वे स्थानकावर दूरचित्रवाणीसाठी गाण्याचा कार्यक्रम चालला होता. एका फलाटावर तरुण श्रोते दाटीने बसलेले. रुळांपलीकडच्या फलाटावर अमेरिकेतून आलेले कृष्णवर्णीय कलावंत. ऐन वेळी पाऊस कोसळू लागला. तेवढ्यात घोडागाडीतून एक पन्नाशीला टेकलेली स्त्री उतरली. अंगात उंची कोट, पायांत उंच टाचांचे जोडे. तिने शुभ्र रंगाची विजेची गिटार गळ्यात अडकविली आणि नोहाच्या काळातील जलप्रलयाचे भक्तिगीत सुरू केले. पाऊस हा कार्यक्रमातील व्यत्यय न राहता जणू तिचा साथीदारच झाला. या स्त्रीचे नाव सिस्टर रोझेटा थार्प.

रॉक संगीताचा उगम सांगताना एल्विस प्रेस्ली, चक बेरी, लिटल रिचर्ड ही नावे सहज ओठांवर येतात. परंतु हे तिघेही पोरवयात असताना गिटारचे ते झणत्कार आणि गळ्याची ती मुक्त फेक एका स्त्रीने लोकांपुढे मांडली होती, आणि तीही देवाचे नाव गाताना, ही गोष्ट पुष्कळ काळ विस्मृतीत पडली होती.

रोझेटाचा जन्म 1915 साली अमेरिकेच्या आर्कान्सा राज्यातील कॉटन प्लांट या गावी झाला. गावाच्या नावातच कापूस आहे आणि तेथील कृष्णवर्णीयांचे जीवनही कापसाच्या शेताशीच जखडलेले होते. तिची आई केटी बेल न्यूबिन ही ‘चर्च ऑफ गॉड इन ख्राइस्ट’ या पंथाची प्रचारिका. मँडोलिन वाजवीत ती गावोगाव शुभवर्तमान सांगत फिरे. ‘गॉस्पेल’ या शब्दाचा अर्थही तोच. ही शुभवार्ता गाण्यातून सांगणारे संगीत म्हणजे गॉस्पेल संगीत. या पंथाला निश्चल, गंभीर उपासना मान्य नव्हती. तंतुवाद्ये, झांजा आणि नृत्य यांनी परमेश्वराची स्तुती करावी, असे सांगणाऱ्या दीडशेव्या स्तोत्राचा आधार घेऊन त्यांनी डफ, ढोल आणि गिटार यांना प्रार्थनामंदिरात मानाचे स्थान दिले. टाळ्यांचा ठेका, पावलांचा ताल आणि गाता गाता देहभान हरपणे, हे सारे त्या उपासनेचेच अंग होते. रोझेटाच्या कलेचे बीज येथे आहे.

लहानग्या रोझेटाला घेऊन आई शिकागोला आली. दक्षिणेतून उत्तरेच्या शहरांकडे निघालेल्या लक्षावधी कृष्णवर्णीयांच्या लोंढ्यातल्याच या मायलेकी. गिटार वाजविणारी ही चिमुकली मुलगी पंथाच्या मेळाव्यांत कौतुकाचा विषय झाली. पुढे 1934 साली तिचा विवाह थॉर्प आडनावाच्या एका धर्मोपदेशकाशी झाला. तो संसार टिकला नाही. पण ते नाव, ‘थार्प’ असे किंचित बदलून, तिला कायमचे चिकटले.

1938 हे वर्ष तिच्या आयुष्याला कलाटणी देणारे ठरले. त्या वर्षी ती न्यूयॉर्कला आली आणि ‘कॉटन क्लब’ या प्रसिद्ध रंजनगृहात गाऊ लागली. तेथील गायक, वादक व नर्तक कृष्णवर्णीय असत. प्रेक्षक मात्र प्रामुख्याने गोरे. ऑक्टोबरच्या अखेरीस डेक्का कंपनीने तिची पहिली चार गाणी ध्वनिमुद्रित केली आणि डिसेंबरात कार्नेगी हॉलमध्ये झालेल्या एका ऐतिहासिक मैफलीत ती गायली. प्रार्थनामंदिरातील गाणे मद्याच्या पेल्यांच्या किणकिणाटात आले. शहरी रसिक मोहून गेले. ज्या समाजाने तिला वाढविले, तेथील पुष्कळ श्रद्धावंत मात्र व्यथित झाले. देवाचे गाणे दिवाणखान्यात नेले, हा त्यांचा आक्षेप होता. लकी मिलिंडर याच्या वाद्यवृंदाबरोबर तिने जेव्हा निव्वळ लौकिक, काहीशी चावट गाणीही म्हटली, तेव्हा हा रोष अधिकच वाढला.

हा आक्षेप केवळ सनातनीपणा म्हणून झटकून टाकता येणार नाही. ज्या समाजाचे सर्वस्व हिरावले गेले होते, त्याच्यापाशी हे गाणे एवढेच निखळ आपले असे धन उरले होते. ते बाजारात जाताना पाहून त्याच्या मनाला यातना होणे स्वाभाविक होते. रोझेटालाही ही ओढाताण जाणवत असली पाहिजे, कारण 1943 च्या सुमारास तो वाद्यवृंद सोडून ती पुन्हा भक्तिगीतांकडे वळली. पण परतताना तिने जगाकडून घेतलेला ठेका टाकून दिला नाही. 1944 साली सॅमी प्राइस याच्या पियानोच्या साथीने तिने ‘स्ट्रेंज थिंग्ज हॅपनिंग एव्हरी डे’ हे गीत ध्वनिमुद्रित केले. पुढील वर्षी ते कृष्णवर्णीय संगीताच्या लोकप्रियतेच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचले. धावता पियानो, मागून रेटणारा ताल आणि मध्येच उसळणारी गिटार, यांमुळे काही जाणकार या ध्वनिमुद्रिकेची गणना पहिल्या रॉक गीतांत करतात.

तिच्या वादनाची रीत स्वतंत्र होती. गिटार ही गाण्याला केवळ आधार देणारी दासी न राहता गळ्याशी संवाद करी. एक ओळ गाऊन झाली की तिचे उत्तर बोटांनी द्यावयाचे. एकेक स्वर सुटा, टोकदार काढावयाचा आणि शेवटी त्याला तारेवर थरथरत सोडावयाचे. मंदिरात उपदेशक आणि भक्तगण यांच्यामध्ये चालणारी पुकार आणि प्रतिसाद तिने एका देहात आणि एका वाद्यात आणून बसविली होती.

कीर्ती मिळाली, पण वर्णभेदाने पाठ सोडली नाही. दक्षिणेत दौऱ्यावर असताना गोऱ्यांच्या उपाहारगृहांची दारे तिला बंद असत. तिच्याबरोबर गाणारे ‘जॉर्डनेअर्स’ हे गोरे गायक आत जाऊन तिच्यासाठी अन्न आणीत. अशाच भ्रमंतीत 1947 साली जॉर्जियातील मेकन शहरी एका चौदा वर्षांच्या पोराचे गाणे ऐकून तिने त्याला आपल्या रंगमंचावर उभे केले. तोच पुढचा लिटल रिचर्ड. मेरी नाइट या गायिकेबरोबर तिने केलेली जोडगाणी याच सुमाराची. 1951 साली वॉशिंग्टनच्या क्रीडांगणावर तिचा विवाह झाला, तेव्हा तिकिटे काढून वीस हजारांहून अधिक लोक जमले आणि वधूने विवाहवस्त्रांतच गिटार वाजविली.

त्यानंतर ओहोटी लागली. तरुणांनी तिचाच ठेका नव्या नावाने आपलासा केला. मायदेशी विसर पडू लागला, तेव्हा 1957 पासून इंग्लंड व युरोपने तिला जवळ केले. 1970 साली तिला पक्षाघाताचा झटका आला. मधुमेहापायी एक पाय गमवावा लागला. तरीही ती गात राहिली. 9 ऑक्टोबर 1973 रोजी फिलाडेल्फियात तिचे निधन झाले. विवाहाला वीस हजारांची गर्दी लोटलेल्या या स्त्रीच्या थडग्यावर पस्तीस वर्षे नावाचा दगडही नव्हता.

2008 साली चाहत्यांनी संगीताचा कार्यक्रम करून निधी उभारला आणि नंतर त्या थडग्यावर शिळा बसली. 2018 साली रॉक संगीताच्या कीर्तिमंदिरात तिला पूर्वसूरी म्हणून स्थान मिळाले. तिच्यानंतरचे अनेकजण तेथे कितीतरी आधी विराजमान झाले होते; जॉनी कॅश याने तर 1992 साली आपल्या सन्मानप्रसंगी तिचे नाव आवर्जून घेतले होते.

मंदिराने तिला जगाची म्हटले आणि जगाने तिला मंदिराची म्हणून बाजूला ठेवले. दोन्ही घरांच्या उंबरठ्यावर उभे राहण्याचे मोल तिने आयुष्यभर चुकविले. परंतु उंबरठ्यावर उभा असणाराच एका घरातील दिवा दुसऱ्या घरात नेऊ शकतो. मँचेस्टरच्या त्या पावसात रुळांच्या पलीकडे बसलेल्या तरुणांपर्यंत जो स्वर पोहोचला, तो अशाच एका दिव्याचा प्रकाश होता.