महाविद्यालय काढण्यापूर्वी
(सुवर्ण महोत्सवी समारंभातील भाषण)



पन्नास वर्षे सेवा करणाऱ्या संस्थेच्या व्यासपीठावरून पाहुण्याने कौतुकाचे चार शब्द बोलावेत, असा रिवाज आहे. ते कौतुक मी मनःपूर्वक करतो. परंतु निमंत्रण देताना आपल्या कार्यकर्त्यांनी सांगितले की, महोत्सवाच्या निधीतून खारदांडा परिसरात महाविद्यालय काढण्याचा विचार चालू आहे. आयुष्यभर वाणिज्य शिकविलेल्या माणसाने त्यावर मौन पाळणे बरे नव्हे.

२०२५ साली आपल्या राज्यात सुमारे साडेचौदा लाख विद्यार्थी दहावी उत्तीर्ण झाले. अकरावीच्या जागा होत्या २१ लाखांहून अधिक. आज अकरावीत रिकामी असलेली बाके पुढे पदवीच्या वर्गातही दिसू लागतात. मुलेच कमी जन्मत आहेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्राचा जननदर १.७ निघाला, आणि देशभरातील जैन समाजाचा त्याहूनही कमी. शिवाय उपनगरातील कुटुंबे मीरा रोड, वसई, विरारकडे सरकली आणि महाविद्यालयेही त्यांच्यामागे तिकडे उभी राहिली.

मी ज्या महाविद्यालयात होतो तेथे १२० मुलांच्या तुकडीत अखेरीस ४० उरली. अनुदानित प्राध्यापकाचे पद कार्यभारावर ठरते. तुकडी गेली की तास घटतात, तास घटले की पद अतिरिक्त ठरते. निवृत्ताची जागा भरली जात नाही आणि तासिका तत्त्वावर कोणीतरी येऊन शिकवून जातो. मग पालक म्हणतात, "तिथे शिकवायला माणसे कुठे आहेत?" पुढच्या वर्षी आणखी दहा मुले कमी होतात.

तरीही त्या ४० जणांच्या वर्गाविषयी माझ्या मनात कृतज्ञताच आहे. प्रत्येकाचे नाव मला ठाऊक होते. कोळीवाड्यातील एक विद्यार्थिनी आठवडाभर दिसली नाही, तेव्हा आमच्या शिपायाने घरी जाऊन चौकशी केली. आई आजारी होती, मुलगी घर सांभाळीत होती. ती त्या वर्षी परीक्षेला बसली, एवढेच सांगतो. पायी जाता येते म्हणूनच जिला शिकू दिले जाते, अशी मुलगी प्रत्येक वस्तीत असते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात २०४० पर्यंत प्रत्येक उच्च शिक्षणसंस्थेने तीन हजार विद्यार्थ्यांचे उद्दिष्ट ठेवावे, असे म्हटले आहे. त्या हिशेबात ही मुलगी कोठे बसते, हे मला अद्याप उमगलेले नाही.

आता आपल्याच पूर्वजांकडे पाहू. दानवीर माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांनी जैन विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंगे उभारली. आचार्य विजयवल्लभसूरींच्या प्रेरणेने १९१५ साली मुंबईत श्री महावीर जैन विद्यालय स्थापन झाले. नाव विद्यालय असले, तरी मुख्य कार्य वसतिगृहाचे. मुले शहरातील महाविद्यालयांत शिकली; संस्थेने त्यांना छप्पर, जेवण आणि आधार दिला. कर्मवीर भाऊराव पाटीलही कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगचेच विद्यार्थी. (अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभास गेल्यावरून त्यांना ते सोडावे लागले, हेही आपण प्रांजळपणे स्मरावे.) त्यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापिली, १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढले, तेथील छत्रपती शिवाजी महाविद्यालय सुरू झाले ते १९४७ मध्ये. आधी मुलांची सोय आणि मग महाविद्यालय, हा क्रम त्यांनी राखला.

म्हणून माझी नम्र सूचना अशी की, नवी इमारत तूर्त नको. जवळपासच्या एक-दोन छोट्या महाविद्यालयांना हात द्यावा. एखाद्या विषयाच्या अध्यापकाचे मानधन, ग्रंथालयाची वेळ रात्रीपर्यंत वाढविण्याचा खर्च आणि गरजू मुलांची फी ट्रस्टने उचलावी. मूल कोणत्या समाजाचे, हे विचारू नये. इमारतीच्या शिलालेखावर दात्यांची नावे येतात, फीच्या पावतीवर येत नाहीत, ही अडचण मी जाणतो. वार्षिक अहवालाची दोन पाने त्यासाठी राखावीत.

आराखडा मंजूर करण्यापूर्वी दोघा-तिघा विश्वस्तांनी प्रवेशाच्या दिवसांत या महाविद्यालयांच्या कार्यालयांत जाऊन बसावे. किती जागा रिकाम्या राहिल्या ते पाहावे, आणि नाव निघूनही पैशांअभावी कोण परत गेले, ते तेथील लिपिकांना विचारावे. त्यांना ही नावे तोंडपाठ असतात. सोबत येण्याची माझी तयारी आहे.

जय जिनेंद्र.